पोटावरची तात्पुरती वाट

१७७६ साली फ्रान्समधल्या रूआँ शहरात मोरेल नावाचा एक वाइनचा व्यापारी पिलोर नावाच्या सर्जनकडे आला. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, शौचाला कित्येक दिवस झालेलं नाही. गुदाशयात गाठ होती आणि तिने वाट बंद केली होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आधीच्या वैद्यांनी जुलाब देऊन पाहिले. ते लागू पडेनात तेव्हा त्याला चक्क दोन पौंड पारा प्यायला दिला. पारा जड असतो, आपल्या वजनाने तो अडथळा ढकलून खाली उतरेल, असा हिशोब. पारा उतरला नाही. शेवटी पिलोरने उजव्या बाजूला पोट उघडलं, मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग कातडीपर्यंत आणून तिथे छेद दिला आणि मळाला नवी वाट करून दिली. जखमेवर स्पंज ठेवून तो पट्ट्याने बांधला. पोट उतरलं, माणूस हुशार झाला, पण काही आठवड्यांनी गेला. नंतर शरीर उघडून पाहिलं तेव्हा पारा लहान आतड्यातच साचलेला निघाला, आणि तिथलं आतडं सडलं होतं. म्हणजे शस्त्रक्रिया चालली होती, जीव घेतला तो तिच्या आधीच्या उपचाराने.

मी डॉक्टर नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे, आणि इतिहास म्हटलं की आपल्याकडे किल्ले, तह आणि सनावळ्या एवढंच डोळ्यांसमोर येतं. शौच, मळ, पिशवी हे विषय तर आपण घरातही आवाज खाली करून बोलतो. पण गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की पुष्कळ रुग्णांच्या पोटावर काही महिन्यांसाठी आतड्याचं तोंड काढून ठेवतात. त्याला स्टोमा म्हणतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ तोंड. या छोट्याशा लालसर तोंडामागे अडीचशे वर्षांची हकिकत आहे. ती वाचताना मला जाणवलं ते असं की कापण्याच्या कौशल्याइतकीच, कदाचित जास्तच, ही हकिकत कापल्यानंतर काय बिघडतं आणि ते बिघडू नये म्हणून कोणी काय केलं याची आहे.

आतडं जोडणं ही माणसाची जुनी खटपट. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जवळ धरून त्यांवर काळे मुंगळे चाववायचे आणि मग त्यांचं धड तोडून डोकी तशीच ठेवायची, अशी रीत सांगितली आहे. आज ज्याला स्टेपल म्हणतात तेच काम मुंगळ्याच्या जबड्याकडून. दहाव्या-अकराव्या शतकात कुर्तुबाच्या अबुल कासिम अल्-जहरावीने आपल्या ‘अत्-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथातल्या शस्त्रक्रियेच्या भागात हीच मुंग्यांची युक्ती नोंदवली आहे, आणि जनावराच्या आतड्यापासून काढलेल्या धाग्याने शिवण्याचाही उल्लेख केला आहे. हे वाचून छाती फुगवून घेण्याची आपल्याला सवय आहे, हिंदूंना सुश्रुतावरून आणि आम्हाला जहरावीवरून. पण दोघांच्याही काळात पोट उघडलेला माणूस बहुधा जगत नसे. त्यांना अडचण नेमकी कळली होती: आतड्याचा जोड गळला की सगळं संपतं. उत्तर मिळायला आणखी हजार वर्षं लागली.

वाट बाहेर काढण्याची कल्पना १७१० साली पॅरिसमध्ये अलेक्सी लित्रे याने मांडली. गुदद्वाराची वाटच तयार न झालेलं एक तान्हं मूल सहा दिवसांचं होऊन दगावलं होतं. त्याचं विच्छेदन करताना लित्रेला वाटलं की आतड्याचं वरचं टोक पोटाच्या भिंतीला आणून शिवलं असतं तर मूल वाचलं असतं. त्याने स्वतः ते केलं नाही, नुसतं लिहिलं. १७९३ मध्ये ब्रेस्ट या बंदरगावी द्युरे नावाच्या सर्जनने अशाच एका काही दिवसांच्या बाळावर तो प्रयोग केला. ते मूल पंचेचाळीस वर्षं जगलं. ना भूल होती, ना जंतूंची कल्पना, ना चिकटणारी पिशवी. पोटावर शौच होणाऱ्या त्या माणसाने फ्रेंच राज्यक्रांतीपासून पुढचा सगळा काळ कसा काढला असेल, हे मला कुठल्याही सेनापतीच्या चरित्रापेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. त्याबद्दल कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढची पन्नास वर्षं सर्जन या वाटेला भीत होते. पोटाच्या आतल्या पडद्याला हात लागला की सूज येऊन माणूस जातो, हा अनुभव होता. १८३८ मध्ये फ्रान्समधला त्या काळचा सर्वांत वजनदार वैद्य ब्रूसे गुदाशयाच्याच कॅन्सरने गेला. हे गृहस्थ जवळपास प्रत्येक दुखण्यावर जळवा लावत. स्वतःच्या दुखण्यापुढे सगळ्या जळवा निकामी ठरल्या. त्याच्या उपचारांत असलेल्या अम्युसा या सर्जनला तो मृत्यू लागला. त्याने तोवरच्या अशा सगळ्या शस्त्रक्रियांची नोंद गोळा केली. एकूण एकोणतीस निघाल्या, जगले नऊ. त्यावरून पोटाच्या पडद्याला न छेदता कमरेच्या बाजूने आतडं बाहेर काढण्याची पद्धत त्याने १८३९ मध्ये मांडली. आपले आणि इतरांचे बळी मोजून मग पद्धत बदलायची, ही या विषयातली पहिली नोंद म्हणावी लागेल. १८८८ मध्ये व्हिएन्नात कारेल मायड्लने आतड्याचा वेढा बाहेर ओढून तो परत आत घसरू नये म्हणून त्याखाली हंसाच्या पिसाची काडी अडकवली. आज प्लास्टिकची काडी लावतात, कल्पना तीच.

पण तोवर गाठ काढणं हे वेगळं आणि वाट बनवणं हे वेगळं होतं. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने १८९९ ते १९०६ या काळात खालच्या बाजूने सत्तावन्न रुग्णांच्या गाठी काढल्या आणि त्यांतल्या चोपन्न जणांना कॅन्सर परत झाला. त्याने मृतांची तपासणी केली, रोग वर कुठे कुठे पसरतो ते पाहिलं, आणि १९०८ साली ‘लॅन्सेट’मध्ये नवी शस्त्रक्रिया जाहीर केली. पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी जाऊन गुदाशय, गुदद्वार आणि आजूबाजूच्या गाठी सगळं एकदम काढायचं, आणि पोटावर कायमचा स्टोमा. सुरुवातीच्या बारा रुग्णांपैकी पाच दगावले. तरीही पुढची चाळीस वर्षं हाच जगभरचा रिवाज राहिला, कारण जे वाचले त्यांच्यात रोग फिरून येण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप कमी होतं. जगायचं तर पिशवी कायमची, हा सौदा होता.

हा सौदा मोडला तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सनने. त्याने १९४८ मध्ये दाखवून दिलं की गाठ पुरेशी वर असेल तर तेवढा भाग काढून दोन्ही टोकं परत जोडता येतात, मृत्यूही कमी होतात, आणि गुदद्वार शाबूत राहतं. मग किती खाली जोडता येईल, याची चढाओढ लागली. ओटीपोटाच्या अरुंद खोबणीत हात घालून टाके घेणं महाकठीण. इथे रशियन लोक मदतीला आले. १९५८ मध्ये मार्क रॅविच हा अमेरिकन सर्जन सोव्हिएत संघात गेला होता, तिथे त्याने टाके घालणारं यंत्र पाहिलं आणि एक विकत घेऊन घरी आणलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना. त्या यंत्रावरून पुढे सत्तरच्या दशकात गोल स्टेपलर निघाला, तो खालून आत घालून एका दाबात पूर्ण गोल जोड करतो. आणि १९८२ मध्ये इंग्लंडच्या बेसिंगस्टोक या साध्या गावातल्या बिल हील्डने सांगितलं की गुदाशयाभोवती जी चरबीची वेष्टणं आहेत ती फाडू नका, त्यांच्या बाहेरच्या पातळ पडद्यातून जाऊन सगळी वळकटी अखंड काढा. रोग परत येण्याचं प्रमाण खूपच घटलं.

आणि जोड गळू लागले.

कारण सरळ आहे. चरबीच्या त्या वळकटीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही तिच्याबरोबर निघून जातात, मग खाली उरलेल्या तुकड्याला रक्त कमी पडतं. वरून ओढून आणलेल्या आतड्यावर ताण असतो. आधी किरणोपचार झालेले असतील तर ऊती शिजल्यासारख्या झालेल्या असतात. त्यात सिगारेट-बिडी, कमी हिमोग्लोबिन आणि खंगलेली प्रकृती यांची भर. जोड जितका खाली तितका धोका मोठा. गळला की मळ ओटीपोटात पसरतो, ताप चढतो, पू होतो, कधी जीव जातो आणि वाचला तरी पुन्हा ऑपरेशन. म्हणून सर्जनांनी जुनी वाट पुन्हा काढली, पण या वेळी तात्पुरती. जोडाच्या बऱ्याच वर, लहान आतड्याचा शेवटचा वेढा उजव्या बाजूला पोटावर आणायचा. मळ तिथूनच बाहेर पडेल, खालचा जोड कोरडा राहून भरून येईल, आणि मग काही महिन्यांनी वेढा आत ढकलून वाट बंद करायची. पावसाळ्याआधी नाल्यावरचा पूल दुरुस्त करताना बाजूने कच्चा रस्ता काढतात, तसं.

याचा खरंच उपयोग होतो की सर्जनच्या मनाचं समाधान, हा वाद बरीच वर्षं चालला. तो स्वीडनमध्ये मिटला. तिथल्या एकवीस रुग्णालयांनी खालचा जोड केलेल्या २३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली, निम्म्यांना तात्पुरता स्टोमा, निम्म्यांना नाही. २००७ मध्ये निकाल आला. स्टोमा नसलेल्यांत २८ टक्के जणांचा जोड त्रास होईल इतका गळला, स्टोमा असलेल्यांत १०.३ टक्के. तातडीने पुन्हा पोट उघडावं लागलं ते अनुक्रमे २५.४ आणि ८.६ टक्क्यांत. चारातल्या एकाऐवजी बारातला एक. त्यानंतर खालच्या जोडाला स्टोमा नको म्हणणाऱ्यांचा आवाज बसला.

‘पिशवी लावली म्हणजे केस हाताबाहेर गेली’ असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. तसं नाही. बहुतेक वेळा पिशवी लावली याचा अर्थ खालचा जोड केला आहे, गुदद्वार वाचवलं आहे, आणि त्या जोडाला जपायचं आहे.

पण स्टोमा फुकट येत नाही. तो स्वतःचे रोग घेऊन येतो. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात, ते मांस पचवतात, तर कातडीला का सोडतील? पूर्वी आतड्याचं टोक कातडीबरोबर सपाट किंवा तसंच उघडं ठेवत. त्याची बाहेरची बाजू त्या रसांनी भाजून निघे, सुजे, तोंड आवळे आणि आतडं तुंबून पाण्याचे लोट सुरू होत. चाळीसच्या दशकात रुग्ण यातच दगावत आणि सर्जन बुचकळ्यात पडत. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुकने ‘लॅन्सेट’मधल्या एका छोट्या लेखात उपाय सांगितला. सदऱ्याची बाही दुमडतो तसं आतड्याचं टोक उलटं दुमडून त्याची कड कातडीला शिवायची. आतलं अस्तर बाहेर येतं, त्याला पाचक रसांची सवय असतेच. शिवाय दोन-अडीच सेंटिमीटरची तोटी तयार होते, मळ कातडीवर न ओघळता थेट पिशवीत पडतो. एवढंच. सगळ्या आधुनिक यंत्रांपेक्षा या एका दुमडीने जास्त माणसं सुखी केली असतील, असं माझं मत आहे.

पिशवीची गोष्ट तर बायकांनी घडवली. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेनसेन या नर्सच्या थोरा नावाच्या बहिणीला कॅन्सरनंतर स्टोमा झाला. वय बत्तीस. वास येईल, गळेल, या भीतीने ती घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसेला चिकटणाऱ्या, वापरून फेकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली. प्लास्टिकचा कारखाना असलेला लुई-हान्सन आधी तयार नव्हता. त्याची बायको योहाने स्वतः नर्स होती, तिने नवऱ्याला पटवलं. त्यातून पुढे १९५७ साली कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. तिकडे अमेरिकेत ओहायोच्या नॉर्मा गिलचं मोठं आतडं १९५४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या रूपर्ट टर्नबुलने काढलं होतं. तिच्या आजीलाही कॅन्सरमुळे स्टोमा होता. बरी झाल्यावर ती इतर रुग्णांना पिशवी कशी लावायची ते शिकवू लागली. टर्नबुलने १९५८ मध्ये तिला नोकरीवर घेतलं, १९६१ मध्ये दोघांनी मिळून शिक्षणवर्ग सुरू केला. ती नर्स नव्हती, रुग्ण होती. स्टोमा थेरपिस्ट हा पेशा जगात तिच्यापासून सुरू झाला. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये या पेशाचं शिक्षण मिळतं आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्थाही मुंबईतच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

याच टर्नबुलने भाजलेल्या कातडीवर एक पावडर वापरली, कराया डिंकाची. हा डिंक ओला झाला की फुगतो, ओल्या कातडीलाही धरून राहतो. तो येतो कांडोळाच्या झाडापासून. आपल्या सातपुड्यातल्या आणि सह्याद्रीतल्या डोंगरउतारावर पानगळीनंतर पांढऱ्याफटक बुंध्याने उभं असतं ते झाड, काही जण त्याला भुताचं झाड म्हणतात. आदिवासी त्याला खाचा पाडून डिंक गोळा करत आणि तो जहाजाने परदेशी जाई. सत्तरच्या दशकानंतर पेक्टिन आणि जिलेटिनच्या चकत्यांनी त्याची जागा बरीचशी घेतली. पण जवळजवळ वीस वर्षं ओहायोतल्या रुग्णाच्या पोटावरची कातडी आपल्या जंगलातल्या डिंकाने राखली.

कातडी राखायची तर चकतीचं भोक स्टोमाच्या मापाचं हवं, फार तर दोन-तीन मिलिमीटर मोठं. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते, तेव्हा माप दर आठवड्याला नव्याने घ्यायला हवं. पहिल्या दिवशी कापून दिलेल्या मापाने दोन महिने चकत्या कापत बसणारे लोक मी पाहिलेत, आणि मग पोटाची आग होते म्हणून नारळाचं तेल लावतात. तेलावर चकती टिकत नाही, पुन्हा गळते, पुन्हा आग.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ऑपरेशनच्या आधी होते, किंवा व्हायला हवी. स्टोमा कुठे येणार त्याची पेनाने खूण. बेंबी, जुने व्रण, कमरेचं हाड, पोटाच्या घड्या यांपासून दूर, पोटाच्या उभ्या स्नायूतून, आणि रुग्णाला स्वतःला दिसेल अशा जागी. रुग्ण टेबलावर आडवा असताना पोट सपाट असतं, उठून बसला की तीच जागा घडीत जाते. म्हणून झोपवून, बसवून, उभं करून आणि वाकवून पाहायचं. पाश्चात्त्य पुस्तकांत पट्ट्याची जागा टाळा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे परकराची नाडी, लुंगीची गाठ, सलवारचा नेफा कुठे येतो ते पाहायला हवं. आणि जो माणूस दिवसातून पाच वेळा रुकू आणि सजद्यात जातो, त्याला खूण करण्याआधी एकदा सजदा करून दाखवू द्यायला हवा. मांडी घालून जेवायला बसणाऱ्याला जमिनीवर बसवून पाहायला हवं. याला पाच मिनिटं लागतात. डॉक्टरांच्या डोक्यात नसेल तर आपण आठवण करून द्यायची, त्यात संकोच कसला?

आता पाण्याची गोष्ट. माझ्या मोठ्या मामूंचं हे ऑपरेशन ऐन मे महिन्यात झालं. ऑपरेशन चोख होतं. घरी सोडताना कोणीतरी तोंडी सांगितलं, ‘पाणी भरपूर प्या.’ मामू शब्दाचे पक्के, ते दिवसाला चार-पाच लिटर साधं पाणी पिऊ लागले. पिशवी दिवसातून दहा-दहा वेळा भरायची. जितकं जास्त जाई तितकं ते जास्त पीत. नवव्या दिवशी फजरला उठताना चक्कर येऊन पडले. पायात गोळे, जीभ कोरडी, लघवी जवळपास बंद, क्रिएटिनिन चढलेलं. पाच दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. दवाखान्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, हे कुठेही घडतं. कागदावर लिहून काहीच दिलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

चूक कुठे होती? शेवटच्या टप्प्यात पाणी आणि मीठ परत ओढून घेण्याचं काम मोठं आतडं करतं. लहान आतड्यातूनच वाट काढली की ते काम बंद. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर सुमारे सहा ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं. वरून साधं पाणी ओतलं तर आतडं स्वतःतलं मीठ त्या पाण्यात सोडतं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतं. म्हणजे तहान लागलेल्या माणसाला पाणीच सुकवतं. फार गोड सरबतंही तेच करतात. रोज सहाशे ते आठशे मिलिलिटर जाणं ठीक, दीड-दोन लिटरच्या वर गेलं की ते दुखणं आहे.

याचं उत्तर आपल्याच उपखंडात सापडलं होतं, आणि तेही कॉलऱ्याच्या निमित्ताने. आतड्याला मीठ आणि ग्लुकोज ठराविक प्रमाणात एकत्र मिळालं तर ते दोन्ही ओढून घेतं आणि पाणी त्यांच्या मागे जातं, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं होतं. १९६८ मध्ये ढाक्याला नॅलिन आणि कॅश यांनी रफीकुल इस्लाम, माजिद मोल्ला या सहकाऱ्यांबरोबर ते कॉलऱ्याच्या रुग्णांवर सिद्ध केलं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पिंपात कालवून लोकांना मगाने पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये ते वारले, त्यानंतर त्यांना पद्मविभूषण मिळालं. जिवंतपणी त्यांना किती लोक ओळखत होते?

लंडनचं सेंट मार्क्स हे आतड्यांच्या विकारांचं जुनं रुग्णालय. स्टोमातून फार पाणी जाणाऱ्या रुग्णांना ते जे द्रावण देतात त्यात एक लिटर पाण्याला २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असतो. कॉलऱ्याचं जुनं सूत्र आणि हे सूत्र ताडून पाहिलं तर फरक फक्त पोटॅशियमचा. म्हणजे ढाक्याचं आणि बनगावचं पाणी लंडनच्या कॅन्सर रुग्णाला जगवतं आहे. मामूंना दुसऱ्यांदा घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी साधं पाणी दिवसाला लिटरभरावर आणलं आणि बाकीची तहान अशा द्रावणावर भागवायला सांगितली. जेवणाआधी अर्ध्या तासाने लोपेरामाइडची गोळी, भातात-डाळीत मीठ जरा जास्त, आणि मापाच्या भांड्यात किती गेलं त्याची वहीत नोंद. रक्तदाबाची आणि मूत्रपिंडाची दुखणी असलेल्यांनी हे आपल्या मनाने करू नये, पण विचारावं जरूर. बॉस्टनच्या एका रुग्णालयाने २०१२ मध्ये जे छापलं ते याच्याशी जुळतं. तिथे आयलिओस्टोमीनंतर पाणी कमी पडल्यामुळे १५.५ टक्के रुग्ण परत भरती होत. त्यांनी नवीन औषध आणलं नाही. ऑपरेशनच्या आधीपासून शिकवलं, पिशवी स्वतः रिकामी करता आल्याशिवाय घरी सोडलं नाही, आत किती आणि बाहेर किती याचा तक्ता हाती दिला. पुढच्या रुग्णांत त्या कारणाने परत आलेला एकही नव्हता. गट लहान होता हे मान्य, तरी आकडा विचार करायला लावणारा आहे.

आता आपल्या लोकांच्या खास दुखण्याकडे येतो. अंकाराच्या सर्जनांनी २००२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या मुस्लिम रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचं गुदद्वार गेलं आणि पिशवी आली त्यांच्या नमाज-रोज्यावर सर्वांत जास्त परिणाम झालेला दिसला. आपल्याकडे वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. मामू तीन महिने मशिदीत गेले नाहीत. कोणी हाकललं नव्हतं. ‘मी नापाक आहे’ असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. खरं म्हणजे फिकहमध्ये याचं उत्तर शतकांपासून पडलेलं आहे. रक्तस्राव न थांबणारी स्त्री, लघवी थेंब थेंब गळणारा माणूस, यांच्यासाठी माजूरचा हुकूम आहे. हनफींकडे एका नमाजेच्या वेळेपुरता एक वुजू, कोकणातल्या शाफईंकडे प्रत्येक फर्ज नमाजेला नवा. त्या वुजूनंतर पिशवीत काही पडत राहिलं म्हणून नमाज जात नाही. पिशवी रिकामी करून, वुजू करून उभं राहायचं. तपशील आपापल्या मस्लकच्या जाणकाराला विचारावेत, पण विचारावेत तरी! माणूस लाजेने इमामांना विचारत नाही आणि इमाम साहेबांना स्टोमा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मामूंच्या बाबतीत शेवटी आमच्या खालांनी पुढाकार घेतला. त्यांनी मौलानांना घरी चहाला बोलावलं आणि सगळं स्पष्ट सांगितलं. मौलाना म्हणाले, ‘भाईजान, उद्या जुमा आहे, मी तुमची वाट पाहीन.’

रोज्याचं मात्र उलट आहे. तिथे लोक सवलत असून घेत नाहीत. आजाऱ्याला नंतर भरपाई करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. आयलिओस्टोमी असलेल्या माणसाने, विशेषतः केमो चालू असताना, एप्रिल-मेच्या उन्हात चौदा तास पाण्यावाचून राहणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. स्टोमा तात्पुरता आहे. तो बंद झाल्यावर, तब्येत सावरली की रोजे फेडता येतील.

बंद कधी करायचा, यावरही मतं बदलत आली. नेहमीचा हिशोब दोन-तीन महिन्यांचा, केमो असेल तर सहा महिने किंवा जास्त. डेन्मार्क आणि स्वीडनच्या डॉक्टरांनी निवडक रुग्णांत, ज्यांचा जोड तपासून घट्ट निघाला आणि ज्यांची प्रकृती बरी होती अशांत, आठव्या ते तेराव्या दिवशीच स्टोमा बंद करून पाहिला. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की पहिल्या वर्षातल्या गुंतागुंती लवकर बंद केलेल्यांत कमी होत्या. सरसकट सगळ्यांना हे लागू नाही, पण ‘माझा जोड तपासून लवकर बंद करता येईल का?’ हा प्रश्न रुग्णाने विचारण्यासारखा आहे. बंद करण्यापूर्वी जोड भरला की नाही हे तपासणं तर कुठल्याही वेळी आवश्यकच.

दोन गोष्टी आधी सांगितल्या जात नाहीत आणि मग रुग्ण फसवल्यासारखा होतो. पहिली अशी की ‘तात्पुरता’ हा शब्द वचन नाही. त्याच स्वीडिश रुग्णांकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा १९ टक्क्यांकडे कायमचा स्टोमा राहिला होता. कुणाचा जोड गळला, कुणाचा रोग परतला, कुणाची तब्येत दुसऱ्या ऑपरेशनला साथ देईना. दुसरी गोष्ट बंद केल्यानंतरची. गुदाशय हे मळ साठवायचं कोठार होतं, ते गेलेलं असतं. त्यामुळे दिवसातून अनेकदा जाणं, गेल्यावर तासाभरात पुन्हा जाणं, अचानक घाई होणं, वायू न आवरणं हे पुष्कळांना होतं आणि पहिलं वर्षभर जास्त. डॅनिश डॉक्टरांनी २०१२ मध्ये त्यासाठी पाच प्रश्नांची साधी गुणपत्रिका बनवली. औषधं, आहारातले बदल, स्नायूंचे व्यायाम, खालून पाणी देऊन आतडं धुणं, असे उपाय त्यावर आहेत. मामूंचा स्टोमा सातव्या महिन्यात बंद झाला. पहिल्या आठवड्यात ते दिवसाला चौदा वेळा जात आणि म्हणत, पिशवी बरी होती. आता चार-पाच वेळा जातात, आणि प्रवासात बसपेक्षा रेल्वे पसंत करतात, डब्यात संडास असतो म्हणून.